मागच्या एक्सलचं तेल

गाडी घराकडे वळली की आधी तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि मग ती दिसायची. पाऊस ओसरला तेव्हापासून हे सुरू झालं होतं. आधी बारीक, कानाशी डास आल्यासारखं. मग लांबच्या गिरणीसारखं. नवरा म्हणायचा, टायर नवे आहेत, घासले की जाईल. मी हो म्हणायची आणि ऐकत राहायची. टायरचा आवाज वेगाबरोबर वाढतो. हा तर त्यानं पायाचा दाब सोडला की सूर बदलायचा. चिंगीला मांडीवर घेऊन मी मागे बसले की तो माझ्या तळपायांतून वर चढायचा. चिंगी सव्वा वर्षाची. तिला तो आवडायचा. ती त्याच्या सुरात ‘ऊं’ करायची आणि तिची आजी कौतुकानं म्हणायची, पोरीला गाण्याचं अंग आहे.

त्या वर्षीच्या पावसात डोंगराचा चढ खचला. रस्ता पुरता गेला नव्हता, पण डेअरीचा टेम्पो वर जाईना. वरच्या वस्त्यांचं दूध वरच अडकलं. लोकांनी वासरांना पाजलं, शेजाऱ्यांना वाटलं आणि शेवटी मातीत ओतलं. मग डेअरीच्या सचिवांनी जाहीर केलं, की चारही चाकांनी ओढणारी गाडी ज्याच्याकडे असेल त्यानं शनिवारी सकाळी भरल्या कॅन घेऊन चढ चढून दाखवावा. रस्ता होईपर्यंत, म्हणजे निदान पुढची दोन वर्षं, दुधाची फेरी त्याची. अशा गाड्या आमच्या भागात दोनच. एक आमची आणि दुसरी वीटभट्टीवाल्याची. पहिला मान आमचा, कारण नवऱ्यानं आधी जाऊन नाव सांगितलं होतं.

दुसरीकडे बंदरावरचा मित्र फोन करत होता. तिथं क्रेन चालवायचं काम त्यानं नवऱ्यासाठी धरून ठेवलं होतं आणि रविवारपर्यंत हो की नाही ते त्याला हवं होतं. बंदर इतकं लांब, की वर्षातून दोनदा घरी यायला मिळालं तरी पुष्कळ. फेरी मिळाली तर नवरा राहणार, नाही मिळाली तर जाणार. गोष्ट इतकी सरळ होती की त्यावर बोलायला काही उरलंच नव्हतं. मी फक्त पलीकडच्या घरातलं पोर आठवत राहायची. त्याचा बाप फार दिवसांनी आला, तर ते त्याला बघून पलंगाखाली शिरलं आणि जेवायलाही बाहेर येईना. सगळे हसले होते. मीही हसले होते, कारण तेव्हा चिंगी व्हायची होती.

बुधवारी नवऱ्यानं शेवटी कबूल केलं, की आवाज टायरचा नाही. दोन मागच्या चाकांच्या मधोमध एक्सलवर जो लोखंडी फुगा असतो, त्याच्या आतल्या दात्यांचा आहे. पुढेही तसाच एक असतो. बाजारातला मेकॅनिक त्याला डिफरन्शियल म्हणतो, आमच्या सासूबाई भोपळा म्हणतात. मेकॅनिककडे आठवडाभर जागा नव्हती. त्यानं दोन्ही भोपळ्यांना पुरेल इतकं गिअर ऑइल दिलं आणि सांगितलं, घरीच बदला, त्यात काय आहे.

त्यात काय आहे हे मी रात्रभर मोबाइलवर वाचत बसले नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चिंगी दूध पिता पिता झोपली तरी मी वाचतच होते. गाडी जॅकवरून कशी घसरते ते मी सगळ्यात जास्त वाचलं.

गुरुवारी पहिला प्रश्न आला जागेचा. तेल मापात भरायचं तर गाडी सपाट जमिनीवर हवी, आणि आमच्याकडे सपाट फरशी एकच, दादांच्या कामाच्या शेडमधली. दादा म्हणजे माझे सासरे. सुतार. शेडमध्ये एका कपाटाचा सांगाडा उभा होता, पलीकडे फळ्यांची चळत, मधे त्यांचं बाक. वर्षापूर्वी गाडी आली तेव्हा त्यांनी एका दुपारी तिच्या खडखडणाऱ्या दाराला आतून लाकडी पट्टी बसवली होती आणि गिअरच्या दांड्याला शिसवी मूठ. मूठ सुंदर होती. पण नवऱ्याचे मित्र ती बघून हसले, आणि त्या हसण्याचा राग यानं बापावर काढला. ही गाडी आहे, कपाट नाही, पुन्हा हात लावू नका, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं सासूबाईंमार्फत चालायचं. म्हणजे दोघंही एकाच खोलीत असायचे आणि सासूबाई मधे बसून इकडचं तिकडे करायच्या.

“त्यांना म्हणावं, आज शेड लागेल,” नवरा म्हणाला.

“ऐकलं त्यांनी,” सासूबाई म्हणाल्या. “बहिरे नाहीत ते.”

दादांनी कपाट एकट्यानंच सरकवत सरकवत बाहेर काढलं. बाक मागच्या पडवीत नेलं. त्याला हात लावायला नवरा पुढे झाला होता, पण तोवर ते उंबरा ओलांडून गेले होते.

तेल पातळ व्हावं म्हणून नवऱ्यानं आधी गाडी थोडी फिरवून आणली. मग जॅक लावला. मी चिंगीला कमरेवर घेऊन दारात उभी. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, तू आत जा बघू, तुझ्याकडे पाहून मलाच धडधडायला लागतं. मी म्हटलं, नुसत्या जॅकवर तू खाली जायचं नाहीस. तो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, चालेल, दहा मिनिटं मी पण तुझ्याशेजारी झोपते. आमचं हे चाललेलं असताना दादा पडवीतून चार ठोकळे घेऊन आले. जुन्या तुळईचे, गुडघाभर उंच, चारही बाजूंनी रंधलेले. त्यांनी ते नवऱ्याच्या पायांपाशी न ठेवता माझ्यापाशी ठेवले आणि परत गेले. नवरा पुटपुटला, पण ठोकळे त्यानं एक्सलखाली सारले, गाडी त्यांच्यावर टेकवली आणि हलवून बघितली. जागची हलली नाही. तेव्हा कुठे मी चिंगीला खाली सोडलं.

आधी वरचं बूच उघड, मी म्हटलं. एक्सलच्या भोपळ्याला दोन बुचं असतात. तळाचं जुनं तेल सोडायला, आणि बाजूचं, जरा वर, नवं भरायला. तळाचं उघडून तेल सोडून दिलं आणि वरचं निघालंच नाही, तर गाडी जागच्या जागी बसते. हे मी वाचलं होतं आणि बरोबर हेच मला सारखं दिसत होतं. नवऱ्यालाही ते माहीत होतं. तो म्हणाला, तेच करतोय. पण बूच हलेना. पाना लावला, घसरला. पुन्हा लावला, त्याच्या बोटांची सालं गेली. मग पान्याला लोखंडी नळी जोडून तो दोन्ही पाय चाकाला टेकून ओढत राहिला. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अरे, एवढा जोर लग्नाआधी विहिरीच्या कामाला लावला असतास तर आज पाणी लागलं असतं. त्याला हसू आलं, श्वास सुटला, आणि त्याच झटक्यात बूच टचकन सैल झालं.

मग खालचं. खाली मी घमेलं सरकवलं. गिअर ऑइलचा वास मला ठाऊक नव्हता. सडका, अंड्यासारखा, घशाच्या मागे जाऊन बसणारा. चिंगीनं नाक मुरडलं आणि टाळ्या वाजवल्या. पण तेल बघून नवरा बोलायचा थांबला. जुनं तेल काळं असतं. काळं असलं तर काळजी नाही. आमचं निघालं ते दुधाळ, तपकिरी, सासूबाईंच्या हातातल्या चहासारखं. साय धरल्यासारखं घट्ट होऊन घमेल्यात पडत होतं.

“पाणी,” तो म्हणाला.

आत पाणी गेलं होतं. तेलात पाणी मिसळलं की दात्यांना वंगण राहत नाही. ते कोरडे घासतात आणि कण्हतात. तळाच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्यावर लोखंडाची बारीक लव जमली होती, मांजराच्या पिल्लाच्या पाठीसारखी. नवऱ्यानं ती बोटांत चोळून बघितली. तुकडे नव्हते, नुसती भुकटी. म्हणजे दाते अजून शाबूत होते. तो गाडी विकणाऱ्याला फोन लावायला उठला आणि अंगणात फेऱ्या मारत त्याला बरंच काही बोलला. तो माणूस पलीकडून शपथा घेत होता, की माझ्याकडे असताना गाडी कधी गुडघाभर पाण्यातही गेली नाही. मग पुढच्या भोपळ्याचं बूच उघडून बघितलं, तर तिथलं तेल स्वच्छ, मधासारखं. आमच्या वाटेवरच्या ओढ्यात तर दोन्ही एक्सल एकदमच बुडतात. मग पाणी मागच्यातच का गेलं, हे कुणाला सांगता येईना. दादा पडवीत काम करत होते. रंध्याचा आवाज मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

पुढचं तेल बदलायची गरज नव्हती. मागचा भोपळा साध्या तेलानं धुऊन काढला, खालचं बूच बसवलं, आणि नवं तेल भरायला घेतलं. बाटलीला नळी लावून मी बाटली डोक्यावर धरून उभी राहिले, आणि खाली झोपून नवऱ्यानं नळीचं टोक बाजूच्या भोकात धरलं. तेल मधापेक्षा जाड. उतरता उतरेना. हात भरून आले, खांदे थरथरायला लागले. हात बदलू का, असं विचारायला तोंड उघडलं, तोच खालून तो म्हणाला, बस, बस. भोकाच्या काठावरून तेलाचा पहिला थेंब बाहेर आला होता. तेवढंच माप.

शुक्रवारी सकाळी तो ओढा ओलांडून, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून आला. मी कुंपणापाशी उभी होते. आवाज जवळजवळ नव्हता. तो दारात उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी चिंगीला उचलून त्याच्याकडे दिलं आणि आत जाऊन उगाच एक भांडं घासलं.

बाहेर येऊन मी गाडीभोवती फिरले. ही माझी सवय आहे. लोक देवळाला फिरतात तशी मी गाडीला फिरते. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या अंगाला ओली रेघ होती. ओढ्याचं पाणी वाळायला लागलं होतं, ही वाळत नव्हती. बोट लावलं. कालचाच वास.

मी त्याला हाक मारली. त्यानं बघितलं, खाली बसला, पुन्हा बघितलं. चाकापाशी तेल अडवणारं रबरी सील असतं, त्यातून नवं तेल बाहेर येत होतं. म्हणजे सील गेलं. सील इथं मिळत नाही, मागवलं तर चार दिवस, आणि चढ उद्या सकाळी. तेल गळत असताना भरल्या कॅन घेऊन चढावर गेलं, तर वर पोचेपर्यंत दाते झिजून जाणार. तो ओरडला नाही. चिंगीला माझ्याकडे देऊन बांधावर जाऊन बसला आणि फोन हातात घेतला. थोड्या वेळानं म्हणाला, बंदरावर आजच कळवून टाकतो, निदान तिथली जागा तरी जायला नको. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांब. कशासाठी थांबायचं, ते मला माहीत नव्हतं.

चिंगीला सासूबाईंपाशी ठेवलं, एक चिंधी घेतली आणि पोत्यावर पडून गाडीखाली सरकले. गाडी अजून तापलेली होती. एक्सलची धग गालाला लागत होती. मला काही दुरुस्त करायचं नव्हतं. मला फक्त पुसायचं होतं. पुसलं की कळतं, ओल कुठून येते ते. चिंगीच्या नाकाचंही मी असंच करते. सीलपाशी पुसलं, मग एक्सलची लोखंडी नळी पुसत मधल्या भोपळ्याकडे गेले आणि वरच्या बाजूनं हात फिरवला. बोटाला काहीतरी लागलं. बोटाच्या पेराएवढं, चिखलानं माखलेलं. चिंधीनं चोळलं, तर खालून लाकूड निघालं.

एक खुंटी होती. आठ धारांची, डोक्याला किंचित गोलाई दिलेली, मधे चीर पाडून त्यात पाचर ठोकलेली. आमच्या घरातल्या प्रत्येक पाटाला, खाटेला आणि चिंगीच्या पाळण्याला हीच खुंटी आहे.

त्या जागी काय असतं, ते मी बुधवारी रात्री वाचलं होतं आणि वाचून सोडून दिलं होतं. एक्सलला वरून एक बारीक भोक असतं, त्यावर छोटी टोपी. आतली हवा तापली की तिथून बाहेर पडते, गार झाली की तिथूनच आत येते. आमच्या गाडीची टोपी कधीतरी उडाली असणार आणि भोक उघडं पडलं असणार. दादांना ते दिसलं असणार. सुताराला भोक दिसलं तर तो काय करेल?

पडवीत ते फळीला रंधा मारत होते. मी समोर उभी राहिले. काय बोलावं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

“दादा, गाडीखाली एक खुंटी आहे.”

रंधा थांबला. त्यांनी फळीवरचं भुसकट फुंकलं.

“बसलीय ना घट्ट?”

“फार घट्ट बसलीय.”

ते जरा खूश झाल्यासारखे दिसले. म्हणून पुढचं सांगणं आणखी जड गेलं. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून सांगितलं, की गरम भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि भाजी गार झाली की झाकण कसं बसतं, निघता निघत नाही. आतली हवा आक्रसते आणि झाकणाला खाली ओढते. एक्सल तापतो, हवेला बाहेर पडायला वाट नाही, ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. मग तोच तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरतो, आतली हवा आक्रसते, आणि सीलमधूनच पाणी आत ओढून घेते. पाणी वरून जात नव्हतंच.

दादा फळीवरून हात फिरवत राहिले. कुसळ शोधतात तसा.

“उघडं भोक होतं,” शेवटी ते म्हणाले. “मला वाटलं, ओढ्याचं पाणी आत जाईल. पोर बसते त्यात.”

मी हातातल्या चिंधीची घडी घातली.

“त्याला सांगितलंस?”

नाही म्हटलं. आणि पुढे म्हटलं, हवं तर सांगायचंच नाही. मी ती कशीतरी काढते आणि सांगते, चिखल अडकला होता.

“चिखलाला आठ धारा कोण पाडतं, सूनबाई?” ते उठले. खिळ्यांच्या डब्यातून एक जाड स्क्रू निवडला, भिंतीवरचं बारीक गिरमिट काढलं, पकड खिशात टाकली. अंगणातून बांधाकडे जाताना ते नेहमीपेक्षा हळू चालत होते.

नवरा फोनवर नव्हता. फोन मांडीवर ठेवून डोंगराकडे बघत होता. दादा त्याच्यासमोर उभे राहिले. सासूबाई चिंगीला घेऊन दारात आल्या होत्या, पण या वेळी त्या मधे पडल्या नाहीत.

“मागच्या एक्सलच्या डोक्यावर भोक होतं. तिथं मी खुंटी ठोकलीय. त्यानं झालंय सगळं.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो उठला, गाडीपाशी गेला आणि खाली सरकला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. पायांवरून माणसाचा राग कळत नाही हे मला त्या दिवशी समजलं. बराच वेळ ते पाय हलले नाहीत.

“कधी ठोकली?” खालून आवाज आला.

“तू म्हणालास हात लावू नका, त्याच्या पुढच्या आठवड्यात. तू बाजारात गेला होतास.”

मला वाटलं, आता तो वर्षभराचं सगळं बोलणार. मी सासूबाईंच्या हातून चिंगीला घेतलं, उगाच.

“हलत पण नाही,” तो म्हणाला. मग आणखी एकदा, वेगळ्या आवाजात, “दादा, ही हलत पण नाही हो.”

“तेल पिऊन फुगली असेल.”

“गिरमिटानं पोखरली तर?”

“भुसा आत पडेल. अर्ध्यापर्यंतच पाडायचं भोक, त्यात स्क्रू फिरवायचा, मग पकडीनं सरळ वर ओढायचं. वाकडं ओढलं तर आतच तुटेल.”

गाडीखाली थोडी सरकासरकी झाली. पोत्याची अर्धी बाजू रिकामी झाली.

“या मग,” नवरा म्हणाला.

दादा त्या वयात पाठीवर झोपले. आधी एक कोपर, मग दुसरं, मग गुडघे सरळ करताना त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला. दोन जोड पाय शेजारी शेजारी. एक बुटातले, एक भेगाळलेले, टाचा बाहेर. बॅटरी धरायला मी खाली वाकले होते. दादांनी गिरमिट हळू हळू फिरवलं, चिमूटभर लाकूड निघायचं ते नवरा ओल्या चिंधीनं टिपून घ्यायचा. थोडं फिरवणं, टिपणं, पुन्हा फिरवणं. मग स्क्रू. मग पकड. दादांनी एकदा ओढलं, थांबले. नवऱ्यानं आपला हात त्यांच्या मनगटाखाली टेकू म्हणून धरला.

खुंटी फट्‌कन सुटली आणि मागोमाग लांब सुस्कारा आला, आतल्या कोंडलेल्या हवेचा. त्याबरोबर तेलाचा बारीक फवारा दादांच्या तोंडावर. त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर कांजिण्या उठल्यासारखे काळे ठिपके. नवऱ्याच्या छातीतून आधी घरघर आल्यासारखं काहीतरी आलं, मला वाटलं त्याला ठसका लागला. तो हसत होता. पोत्यावर उताणा पडून, एक हात पोटावर ठेवून. दादा डोळे न उघडताच म्हणाले, हस, हस, आणि मग त्यांचाही खांदा हलायला लागला.

दुपारी मागचं तेल पुन्हा सोडलं, कारण सकाळच्या ओढ्यातलं थोडं पाणी त्यात गेलंच असणार. पुढच्या एक्सलसाठी आणलेलं तेल तसंच शिल्लक होतं, ते कामी आलं. बाटली या वेळी सासूबाईंनी धरली. म्हणाल्या, मी काय नुसता चहाच करायचा का. उघड्या भोकाला नवऱ्यानं एक रबरी नळी जोडली आणि ती वर, गाडीच्या मागच्या दारापर्यंत आणली, म्हणजे ओढ्यातही तिचं टोक पाण्याच्या वर राहील. नळी लोंबकळू नये म्हणून आतून पट्टी हवी होती. दादांनी एक लाकडी चिमटा कोरून आणला आणि तो हातात धरून उभे राहिले.

“ठोकू का?”

“ठोका,” नवरा म्हणाला.

संध्याकाळी त्यानं गाडी दोनदा ओढ्यात घातली आणि बाहेर काढली. मी टायर पुसून बघितला. कोरडा. सील बिचारं ठीकच होतं, नुसतं गुदमरलं होतं. तरी झोपताना मी म्हटलं, चढावर काय होईल सांगता येत नाही. तो म्हणाला, नाहीच सांगता येत. मित्राला फोन त्यानं केला नव्हता.

शनिवारी सचिव डेअरीपाशी वाट बघत होते. अंगानं भरलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. ते पुढच्या सीटवर बसले तेव्हा गाडी त्या बाजूला जरा झुकली. मागे पाण्यानं भरलेल्या कॅन लावल्या. वर गेल्यावर पाणी ओतून त्यात दूध भरायचं. कॅन धरायला माणूस हवं म्हणून दादा मागे बसले आणि मी त्यांच्यासमोर. चिंगीला घरी ठेवलं होतं. वीटभट्टीवाला धुतलेली गाडी घेऊन आमच्या मागे आला, तुम्ही अडकलात तर ओढायला, असं हसत म्हणाला. नवराही हसला. मला काही हसू आलं नाही.

चढाच्या पायथ्याशी नवऱ्यानं चारही चाकं जोडणारा दांडा ओढला. खचलेल्या भागात चिखल गुळगुळीत होता, वर पाण्याची धार. पहिल्या वळणावर मागचं चाक फिरलं, जागीच फिरलं, चिखल खिडकीपर्यंत उडाला आणि सचिवांनी रुमाल तोंडाला लावला. गाडी हातभर मागे आली. मी कॅन दोन्ही हातांनी कवटाळली होती आणि मनात चिंगीचं नाव घेत होते. समोर दादा कॅनीवर हनुवटी टेकून डोळे मिटून बसले होते. ऐकत होते. नवऱ्यानं घाई केली नाही. थांबला, चाक सरळ केलं, हळूच दाब दिला. पुढच्या चाकांना कुठंतरी दगड लागला, त्यांनी तो धरला, आणि गाडी एक एक वीत वर सरकायला लागली. दुसरं वळण. तिसरं. मग एकदम गवत, उजेड, आणि कुत्र्यांचं भुंकणं.

गाडी थांबताच मी उतरले आणि सगळ्यांच्या समोर चिखलात आडवी झाले. साडीचं काय झालं ते नंतर बघता आलं असतं. मागची चाकं आतून चिखलानं भरलेली होती. चिंधीनं पुसलं. एकीकडे, मग दुसरीकडे. तेलाचा थेंब नव्हता. बाहेर आले तर सचिव माझ्याकडे बघत होते. त्यांनी नवऱ्याला विचारलं, ह्या कोण, मेकॅनिक का. नवरा म्हणाला, घरच्याच आहेत, बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सचिव म्हणाले, बरं आहे, मग मला बघायला नको. रुमालानं मानेवरचा चिखल पुसत ते पुढे म्हणाले, की फेरी सोमवारपासून धरली होती, पण तोवर वाट कशाला बघायची, आजचंच दूध घ्या, संध्याकाळची फेरी पण तुमचीच. खाली वळणावर वीटभट्टीवाला गाडी मागे घेत होता. त्याचा भोंगा दोनदा वाजला.

दादा आणि नवरा पाणी ओतून कॅन रिकाम्या करायला लागले. एक जण कान धरायचा, दुसरा बूड उचलायचा. वस्तीवरच्या बायका दूध घेऊन आल्या होत्या, पण थोडं थोडंच. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात बादली, तीही अर्धी. एवढे दिवस टेम्पो येईल येईल म्हणून त्यांनी दूध काढून ठेवलं होतं आणि ओतून दिलं होतं. एक म्हातारी सगळ्यात पुढे उभी होती. तिच्या हातात छोटी कॅन होती आणि ती सोडत नव्हती. तिनं गाडीकडे बघितलं, चिखलात माखलेल्या मला खालून वरपर्यंत बघितलं.

“आज आलात. उद्या येणार का?”

मी नवऱ्याकडे वळले. तो पाठमोरा होता, दादांबरोबर कॅन उचलत होता; त्याच्या शर्टाच्या पाठीवर गाडीखालच्या पोत्याचे ठसे होते.

“येणार,” मी म्हटलं.

“रोज?”

“रोज. सकाळी आणि संध्याकाळी.”

तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हातातली कॅन माझ्याकडे दिली, मागे वळली आणि घराच्या दिशेनं हाक मारली, “अगं, ती दुसरी पण आण.”